एअरफिक्स: मालक बदलत गेले, साचे टिकले

प्रश्न असा होता की काकांच्या घरी माळा साफ करताना एअरफिक्सच्या, म्हणजे सुटे पार्ट्स जोडून करायची प्लास्टिकची मॉडेल विकणाऱ्या कंपनीच्या, स्पिटफायरचा (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) जुना बॉक्स सापडलाय, उघडलेला आहे पण पार्ट्स सगळे दिसतायत, तर ही कंपनी नक्की कुठली, मध्ये ती बंद पडली होती असं ऐकलंय ते खरं का, किट कुठल्या सालचं हे कसं ओळखायचं, आणि जोडायचं की जपून ठेवायचं.

उत्तर जरा लांबणार आहे. माझं सगळं काम भोसरीत टूलरूममध्ये झालं, म्हणजे प्लास्टिकचे मोल्ड बनवणं हा धंदा आणि किट जोडणं हा नाद, त्यामुळे मी या कंपनीकडे थोडं वेगळ्या बाजूने बघतो. बहुतेक ठिकाणी एअरफिक्सचा इतिहास म्हणून मालकांची यादी वाचायला मिळते, कोणी कधी विकत घेतली वगैरे. माझ्या मते एअरफिक्स म्हणजे एक नाव आणि लोखंडाचे काही टन साचे. मालक आले नि गेले, पण साचे एका देशातून दुसऱ्या देशात ट्रकमध्ये भरून जात राहिले आणि मशीनवर चढत राहिले, म्हणून कंपनी जिवंत राहिली. हे डोक्यात ठेवलंत की तुमच्या बॉक्सचं कोडंही सुटेल.

सुरुवात १९३९ ची, लंडन. निकोलस कोव्ह नावाचा हंगेरीतून आलेला ज्यू माणूस, त्याने हवा भरलेली रबराची खेळणी बनवायला कंपनी काढली. नाव एअरफिक्स का, तर एक म्हणजे हवेचा संबंध आणि दुसरं म्हणजे धंद्याच्या डिरेक्टरीत ए वरून नाव असलं की वर येतं, हा त्याचा हिशोब. विमानांचा तेव्हा काडीचा संबंध नव्हता. युद्धानंतर १९४७ च्या सुमाराला त्याने इंजेक्शन मोल्डिंग मशीन (वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरणारं) घेतलं, ब्रिटनमध्ये हे अगदी सुरुवातीला करणाऱ्यांपैकी तो एक, आणि त्यावर काढले काय तर कंगवे. खिशातले साधे कंगवे, आणि ते इतके खपले की कंगव्याच्या धंद्यात एअरफिक्स मोठं नाव झालं. मोल्डिंगवाल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही, मशीन एकदा घेतलं की ते चालतं ठेवायला काहीतरी माल लागतोच.

मग १९४९ ला फर्ग्युसन ट्रॅक्टरवाल्यांनी ऑर्डर दिली. टीई २० ट्रॅक्टर, आपल्याकडे मॅसी फर्ग्युसन म्हणून जे नाव गावागावात माहीत आहे त्याच घराण्यातला. सेल्समनना गिऱ्हाइकाला दाखवायला छोटं प्लास्टिकचं मॉडेल पाहिजे होतं. आता हे मॉडेल बरेच पार्ट्स असलेलं, एकेक हाताने जोडायचं, म्हणजे मोल्डिंगपेक्षा जोडणीची मजुरीच जास्त. म्हणून पुढे ते सुटे पार्ट्स तसेच किट म्हणून वूलवर्थ या स्वस्त वस्तूंच्या दुकानसाखळीतून विकायला काढले, जोडायचं काम गिऱ्हाइकाने करायचं. पूर्ण हॉबी अशी जोडणीची मजुरी वाचवण्यातून सुरू झाली, मला हे फार आवडतं.

खरा टर्निंग पॉइंट १९५२. वूलवर्थच्या खरेदीवाल्याने सुचवलं की एखादं जहाज काढा, आणि सोळाव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक, त्याचं गोल्डन हाइंड आलं. वूलवर्थची अट एकच, किंमत दोन शिलिंग. आता दोन शिलिंगमध्ये बॉक्स परवडत नाही, मग पॉलिथिनची पिशवी, वर दुमडलेला कागद स्टेपल केलेला, आणि त्याच कागदाच्या मागे जोडायच्या सूचना. मटेरियलही बदललं, आधीच्या ॲसिटेटच्या जागी पॉलिस्टायरीन, जे वाकडं होत नाही आणि ज्याला सॉल्व्हंट सिमेंट लावलं की दोन पार्ट्स अक्षरशः एकमेकांत विरघळून वेल्ड होतात. आजही आपण तेच प्लास्टिक आणि त्याच तत्त्वाचा गोंद वापरतो. शाळकरी पोराच्या खाऊच्या पैशात बसेल असं किट, ही एअरफिक्सची ओळख तिथे ठरली आणि पुढची पंचवीसेक वर्षं त्यांनी ती सोडली नाही.

त्यानंतर थोड्याच वर्षांत पहिलं विमान आलं, स्पिटफायर. अमेरिकेच्या ऑरोरा कंपनीच्या मोठ्या स्पिटफायरवरून छोटं केलेलं, अंगावर बीटीके अशी अक्षरं, आणि अचूकतेच्या बाबतीत फार काही नाही. कोव्हला हे खपेल असं वाटतच नव्हतं, साच्याचा खर्च डिझायनरकडून वसूल करीन अशी धमकी त्याने दिली होती असं सांगतात. खपलं मात्र जोरात. स्केल १/७२, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं. हे स्केल एअरफिक्सने शोधलेलं नाही, युद्धाआधीच्या लाकडी मॉडेलमध्ये ते होतंच, सहा फुटाचा माणूस बरोब्बर एक इंच होतो म्हणून इंचात मोजणाऱ्यांना सोयीचं. पण स्वस्त किटमधून ते घरोघरी पोचवलं एअरफिक्सने, आणि आज जगातली निम्मी कपाटं १/७२ ने भरली असतील तर त्याचं बरंचसं श्रेय त्या दोन शिलिंगच्या पिशव्यांना.

१९५७ ला कंपनी शेअर बाजारात आली, १९५८ ला कोव्ह वारला, आणि राल्फ एहरमान आणि जॉन ग्रे या दोघांनी पुढची खरी वाढ केली. दक्षिण लंडनमध्ये वॉन्ड्सवर्थला फॅक्टरी. विमानं, जहाजं, गाड्या, रणगाडे, छोटे सैनिक, १९६० पासून स्वतःचं मासिकसुद्धा. १९६२ मध्ये रोजबड किटमास्टर या कंपनीचे रेल्वे इंजिनांचे साचे विकत घेतले, ते नोंदवतोय कारण साचे विकत घेणं-विकणं ही या धंद्यात नेहमीची गोष्ट आहे. फ्रॉग नावाची दुसरी ब्रिटिश कंपनी सत्तरच्या दशकात बंद झाली तर तिचे बरेच साचे चक्क सोव्हिएत रशियात गेले आणि तिथून नोव्हो नावाने किट्स बाहेर पडली.

बॉक्सवरच्या चित्रांबद्दल एक परिच्छेद लिहायलाच हवा. १९६४ ते १९७४ ही दहा वर्षं रॉय क्रॉस हा चित्रकार एअरफिक्ससाठी चित्रं काढत होता. मूळचा विमान कंपनीतला तांत्रिक चित्रकार, त्यामुळे रिव्हेटची (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची) ओळ कुठून जाते, फ्लॅप उघडल्यावर आत काय दिसतं हे त्याला माहीत, आणि वर ढग, धूर, आग, समुद्र अशी रंगवायचा की पोरगं दुकानात बॉक्स हातात घेऊन उभंच राहायचं. पुढच्या काळात त्याच चित्रांतले पडणारे बॉम्ब आणि स्फोट रंगवून झाकून टाकले गेले, खेळण्यावर हिंसा नको म्हणून. क्रॉसची मूळ चित्रं आणि ही झाकलेली चित्रं शेजारी ठेवून बघा, विमान हवेत नुसतं टांगल्यासारखं दिसतं. आता काही वर्षांपासून व्हिंटेज क्लासिक्स या मालिकेत जुनी किट्स जुन्या चित्रांसकट परत मिळतात, हे फार चांगलं केलं.

आता साच्याकडे येऊ, कारण तुमचा तिसरा प्रश्न इथेच सुटतो. त्या काळात किट कसं बनायचं, तर आधी विमानाचा प्रत्येक पार्ट मोठ्या मापात लाकडात कोरायचा, आणि मग पँटोग्राफ मशीनवर एका बाजूची सुई त्या लाकडावर फिरवायची, दुसऱ्या बाजूचा कटर तेच छोट्या मापात धातूत कापतो. आता विचार करा, विमानाच्या पंखावर पत्र्यांच्या जोडाची रेघ दाखवायची आहे. साच्याच्या कॅव्हिटीत (आतल्या पोकळीत) तुम्ही धातूवर रेघ ओरखडली तर प्लास्टिक त्या खाचेत शिरतं आणि पार्टवर ती रेघ वर उठून येते. साच्यात बारीक खड्डा मारला तर पार्टवर उठलेला रिव्हेट. म्हणजे उठलेला डिटेल बनवणं टूलमेकरला सोपं, ओरखडा मारला की झालं. पण पार्टवर आत गेलेली रेघ पाहिजे असेल तर साच्यात केसासारखी उंच कड ठेवून बाजूचा सगळा धातू काढावा लागतो. हाताने आणि पँटोग्राफने हे महाकठीण. म्हणून जुन्या एअरफिक्सवर रिव्हेट आणि रेघा उठलेल्या असतात, त्या लोकांना खरं विमान माहीत नव्हतं असं अजिबात नाही. पुढे विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणारं स्पार्क मशीन आलं, इलेक्ट्रोडवर रेघ आत कोरायची आणि स्पार्कने ती साच्यात उलटी उमटवायची, मग कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन आलं, आणि मग आत गेलेल्या बारीक रेघा सगळ्यांच्या आवाक्यात आल्या. जपानी कंपन्या, विशेषतः टामिया, यात आधी पुढे गेल्या.

याला मापाचा हिशोब लावून बघा म्हणजे समजेल. १/७२ मध्ये अर्धा मिलिमीटरचा रिव्हेट म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरचा, असला रिव्हेट पुलावर शोभेल, स्पिटफायरवर नाही. पाव मिलिमीटरची रेघसुद्धा खऱ्यात १८ मिलिमीटरची फट होते. तेव्हा उठलेली असो की खोल, रेघ बारीक असणं महत्त्वाचं, आणि नुसती आत गेलेली आहे म्हणून किट चांगलं असं नसतं.

तुमचा स्पिटफायरचा पंख उजेडात तिरका धरा. १/७२ असेल तर पूर्ण विमानाचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण साडेपंधरा सेंटिमीटर भरेल. बोट फिरवल्यावर खरखर लागली, टोचल्यासारखे दाणे लागले, तर साचा जुना. मग पंखाच्या आतल्या बाजूला बघा, तिथे गोल गोल ठसे दिसतील ते इजेक्टर पिनचे (साच्यातून पार्ट बाहेर ढकलणाऱ्या), आणि सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच किट्सवर त्याच भागात कॉपीराइटची खूण आणि साल कोरलेलं असतं. ते साल म्हणजे साच्याचं साल, किट कधी मोल्ड झालं त्याचं नव्हे. नंतर कडा बघा. साच्याचे दोन अर्धे जिथे मिटतात ती पार्टिंग लाइन, साचा वापरून वापरून तिथे झिजतो आणि प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो, त्याला आपण फ्लॅश म्हणतो. एकाच साच्याचं सुरुवातीचं किट आणि वीस वर्षांनंतरचं किट यात फरक असतो तो हाच. कॉकपिटच्या बारीक पार्ट्सवर आणि प्रोपेलरच्या टोकाला फ्लॅश नसेल तर साचा तेव्हा ताजा होता असं समजा.

किट कधी पॅक झालं हे मात्र बॉक्स सांगतो, आणि त्यासाठी मालकांचा इतिहास लागतो, तो आता पटकन सांगतो.

सत्तरचं दशक एअरफिक्सचं वैभवाचं. १९७० च्या सुमाराला १/२४ स्केलमध्ये स्पिटफायर काढलं, पंख दीड फुटापेक्षा मोठा, आत पूर्ण मर्लिन इंजिन, तेव्हा असं विमान कोणी काढलेलं नव्हतं. पण १९७१ मध्ये त्यांनी मेकॅनो (धातूच्या पट्ट्या जोडायची खेळणी) आणि डिंकी टॉइज (धातूच्या छोट्या गाड्या) विकत घेतल्या, आणि तो धोंडा गळ्यात पडला. लिव्हरपूलची ती फॅक्टरी तोट्यातून वर आलीच नाही, १९७९ ला बंद करावी लागली. त्यात पाऊंड महाग झाल्यामुळे निर्यात मंदावली, व्याजदर चढलेले, ब्रिटनमध्ये मंदी, आणि पोरांच्या हातात इलेक्ट्रॉनिक खेळणी येऊ लागलेली. जानेवारी १९८१ मध्ये एअरफिक्स दिवाळखोरीत गेली. लक्षात घ्या, किट्सचा धंदा तेव्हाही बरा चालला होता, बुडवलं ते बाकीच्यांनी. चांगला चालणारा विभाग असा बाकीच्यांच्या ओझ्याखाली जातो हे आपल्याकडच्या एमआयडीसीतही पाहायला मिळतं, म्हणून मला ही गोष्ट लागते.

मग अमेरिकेची जनरल मिल्स, म्हणजे आता पिल्सबरी आटा ज्यांचा येतो तीच कंपनी, तिने आपल्या पॅलिटॉय या ब्रिटिश खेळण्यांच्या कंपनीमार्फत एअरफिक्स घेतली. साचे गेले फ्रान्समध्ये कॅलेला. जनरल मिल्सकडे एमपीसी ही अमेरिकन किट कंपनीही होती, त्यामुळे एमपीसीचा माल एअरफिक्सच्या बॉक्समध्ये असंही झालं. रेल्वेचे साचे पुढे डॅपोलकडे गेले, त्यातली काही इंजिनं आणि इमारती अजून तिथूनच मिळतात. चारेक वर्षांत जनरल मिल्सने खेळण्यांतूनच अंग काढून घेतलं आणि १९८६ ला एअरफिक्स हंब्रोलकडे आली, तेच रंगांच्या छोट्या डब्यांवाले, हल शहरातले. हंब्रोलच्या मालकांकडे फ्रान्सची हेलर कंपनीही होती, म्हणून साचे नॉर्मंडीत त्रँ गावी हेलरच्या फॅक्टरीत. इथे फार गोंधळ आहे. या काळात हेलरची किट्स एअरफिक्सच्या बॉक्समध्ये आणि एअरफिक्सची हेलरच्या बॉक्समध्ये सर्रास विकली गेली, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. नवे साचेही या वीस वर्षांत कमीच झाले, जुन्याच साच्यांना नवी डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं आणि अक्षरं) लावून चालवलं.

२००६ मध्ये हेलर अडचणीत आली, माल वेळेवर येईना, आणि ऑगस्टच्या शेवटी हंब्रोलही कोसळली. पुन्हा सगळ्यांना वाटलं संपलं. नोव्हेंबरमध्ये हॉर्नबीने एअरफिक्स आणि हंब्रोल मिळून २६ लाख पाऊंडांना घेतल्या. हॉर्नबी म्हणजे खेळण्यातल्या रेल्वेवाले, आणि हे नाव ज्या फ्रँक हॉर्नबीचं त्यानेच मेकॅनो काढलं होतं, जे एअरफिक्सने १९७१ ला घेतलं होतं.

तर बॉक्सच्या बाजूला बारीक अक्षरात पत्ता शोधा. एअरफिक्स प्रॉडक्ट्स, लंडन असेल तर १९८१ च्या आधीचा. पॅलिटॉय, कोलव्हिल, लेस्टरशायर असेल तर १९८१ ते साधारण ८५. हंब्रोल, मारफ्लीट, हल असेल तर १९८६ ते २००६. हॉर्नबी आणि मार्गेट असेल तर त्यानंतरचा. लोगो गोल आहे की लांबट, यावरून अंदाज येतो पण पत्ता जास्त भरवशाचा. आणि काकांना हा बॉक्स परदेशातून कोणी, कधी आणून दिला हे घरात विचाराच, कारण आपल्याकडे आयात जवळजवळ बंद होती तेव्हा लंडन, मस्कत, दुबईहून कोणी आणलं तरच असे बॉक्स यायचे. बॉक्सवर मार्क (विमानाची आवृत्ती) किती लिहिलंय तेही बघा, एकाच काळात स्पिटफायरचे एकापेक्षा जास्त साचे चालू असायचे आणि नवखा माणूस तिथेच फसतो.

जोडायचं की ठेवायचं? उघडलेला बॉक्स, पत्ता हंब्रोलचा असेल तर सरळ जोडा, त्याला संग्राहकाची किंमत फार येत नाही. लंडनचा पत्ता, बॉक्स न चेपलेला, सूचनांचा कागद आणि डेकल शाबूत असेल तर मी तो तसाच ठेवीन आणि जोडायला नवीन किट घेईन. जुनी डेकल पिवळी पडतात, मुंबई-कोकणच्या हवेत तर हमखास. पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस ऊन द्या, पिवळेपणा बराच उतरतो, आणि पाण्यात टाकायच्या आधी वरून क्लिअर व्हार्निशचा पातळ हात मारा, नाहीतर पाण्यात तुकडे तुकडे होतात. आधी एखादं नको असलेलं अक्षर पाण्यात टाकून परीक्षा घ्या.

हॉर्नबीच्या काळाबद्दल मला खरंच चांगलं बोलायचंय, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी नव्या साच्यांवर पैसा घातला. कॉम्प्युटरवर डिझाइन, डिफायंट विमानाच्या वेळी तर संग्रहालयातल्या खऱ्या विमानाचं लेझर स्कॅनिंग करून त्यावरून किट केलं. सुरुवातीच्या नव्या किट्सच्या रेघा जाड होत्या, त्यावर मॉडेलवाल्यांनी बोंब मारली आणि पुढे त्या बारीक होत गेल्या. मधल्या काळात उत्पादन चीनमधून भारतातही आलं, लाल बॉक्सवर मेड इन इंडिया छापलेली किट्स तुम्हाला सहज सापडतील, आणि मोल्डिंगच्या धंद्यातला माणूस म्हणून मला ते वाचायला बरं वाटतं. अलीकडे काही किट्स पुन्हा इंग्लंडमध्येही मोल्ड व्हायला लागलीत.

तुम्हाला आपल्या हवाई दलाची किंवा नौदलाची विमानं करायची असतील तर एक सूचना. एअरफिक्सचं १/७२ नॅट स्वस्त आणि गोड आहे, पण ते दोन सीटचं ट्रेनर आहे, रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई कसरत पथकाकडचं. १९६५ मध्ये आपण लढलो ते एक सीटचं फायटर, त्याची बॉडी आखूड आणि पंखही वेगळा, नुसता मागचा सीट झाकून ते होत नाही, कापाकापी करावी लागते. त्यापेक्षा सी हॅरियर (जहाजावरून उडणारं लढाऊ जेट) घ्या, एफआरएस १ चं किट. आपल्या नौदलाकडचं एफआरएस ५१ त्याच्यावरूनच केलेलं होतं, त्यामुळे बॉडीला जवळजवळ हात लावावा लागत नाही, मुख्य काम रंगाचं, डेकलचं आणि खाली लटकणाऱ्या क्षेपणास्त्रांचं, आपल्याकडे फ्रेंच मॅजिक असायची. रंगाला फोटोवर विसंबू नका, गोव्याला गेलात की दाबोळीजवळ बोगमाळोला नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे तिथे खरं सी हॅरियर उभं आहे, सकाळी जा, उन्हाची तिरीप असते तेव्हा पत्र्यांचे जोड आणि रंगाचा विटकेपणा नीट दिसतो, आणि चाकांच्या खोबणीचे फोटो चारी बाजूंनी घ्या, जोडताना तेच लागतात.